रिपोर्ट लिहिणाऱ्याचं नाव

५ जानेवारी २०२५, रविवार

जेद्दाच्या हॉस्पिटलात परत कामावर हजर झालो. सत्तावीस दिवसांनी.

ऑफिसात सगळे उभे राहिले. मीच म्हणालो, "बसा, बसा." जसं काही त्यांचंच कुणी गेलंय!

दुपारी ताजुन्निसा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या क्वालिटी विभागाच्या त्या प्रमुख, हैदराबादच्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो. आज बराच वेळ नुसता पाण्याचा ग्लास फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "नागेश भाई, आठ दिसंबर का एक फॉर्म आया है. आप उसको नक्को देखो. मैं लॉक कर दी."

आठ डिसेंबर. स्वप्नाली, माझी बायको, गेली तो दिवस.

म्हणजे काहीतरी चुकलं होतं — आणि कुणीतरी ते लिहून ठेवलंय!

६ जानेवारी

दिवसभर डोक्यात तेच.

आठ वर्षं मी हेच काम करतो. हॉस्पिटलात कुठे चूक झाली — चुकीचं औषध, पलंगावरून पडलेला पेशंट — तर ज्याने पाहिलं त्याने फॉर्म भरायचा. फॉर्म माझ्या टेबलावर येतो. मी लिहिणाऱ्याचं नाव काढून कुलपात ठेवतो, नंबर टाकतो, बिननावाचा कागद कमिटीकडे जातो. नियम कडक आहे आणि त्याच्या मागे कायदा आहे. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाही सांगायचं नाही. लिहिलं म्हणून कुणाला शिक्षा करायची नाही. आणि पेशंटच्या घरच्यांना फॉर्म दाखवायचा नाही.

दर महिन्याला नवीन नर्सेस येतात. त्यांना हे मीच शिकवतो. शेवटी सांगतो, "लिहा. घाबरू नका. नाव माझ्याकडे राहील."

घरच्यांनाही मीच सांगतो. गेल्या वर्षी पेशावरचा एक म्हातारा आला होता. मुलगा गेला होता त्याचा. म्हणाला, "बेटा, काग़ज़ मत दे. एक दफ़ा पढ़ के सुना दे." मी म्हणालो, चचा, रूल नहीं है. चहा पाजला आणि पाठवला.

चहा पाजला म्हणजे आपण फार केलं असं तेव्हा वाटलं होतं.

७ जानेवारी

पोळ्या केल्या. कीर्तीने एक उचलून उजेडात धरली. "बाबा, ये सौदी का मॅप है क्या? ये देखो जेद्दा, ये यान्बू." हसली. एक महिन्यात पहिल्यांदा. मग मीही हसलो तर एकदम गप्प झाली आणि दप्तर भरायला गेली.

९ जानेवारी, गुरुवार

रणजितचा फोन, देवगडहून. स्वप्नालीचा धाकटा भाऊ. त्याला डेथ समरीची प्रत मीच दिली होती. त्यातली एक ओळ त्याने मलाच वाचून दाखवली — रुग्ण व नातेवाईकांनी ॲलर्जीची माहिती दिली नाही.

"म्हंजे माज्या भयणीचीच चूक?"



"भावजी, तुमी थंयच कामाक आसास मां? मगे तुमकाच कसा म्हायत नाय?"



१० जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. कीर्ती मैत्रिणीकडे. त्या दिवसाचं लिहून टाकतो, एकदाच.

दोन दिवस ताप, खोकला. अकराच्या सुमाराला मी स्वप्नालीला इमर्जन्सीत घेऊन गेलो. सगळे ओळखीचे. लगेच बेड दिला. ती म्हणाली, "तुम्ही जा वर, तुमचं काम पडलं असेल." मी म्हणालो, अर्ध्या तासात येतो. तिसऱ्या मजल्यावर गेलो.

स्पीकरवर कोड ब्लू झाला. कोड ब्लू म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडतंय, सगळ्यांनी धावा. त्याची वेळ टिपून ठेवणं माझं काम. मी चिठ्ठीवर लिहिलं — १२.५२, इमर्जन्सी. चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली. चहा घेतला.

चहा संपल्यावर फोन आला.

अँटिबायोटिक शिरेतून दिलं होतं. पेनिसिलिनच्या जातीचं. दहा मिनिटांत घसा बंद झाला. हातात पांढरा पट्टा होता. ॲलर्जी असलेल्या पेशंटला लाल पट्टा बांधतात. तिला पांढरा होता.

ॲलर्जी तिला नव्हतीच, असं मीही समजत होतो. पूर्वी व्हिजिट व्हिसावर आली होती, २०१८ साली, तेव्हा घशाच्या गोळ्यांनी अंगभर गांधी उठल्या होत्या. आम्ही म्हटलं पित्त उठलं. शराफियाच्या बाजारातून आमसुलं आणली, पाणी करून अंगाला चोळलं. दोन दिवसांत गेलं. आमच्याकडे पित्त कुणाला उठत नाही! त्याला कोण ॲलर्जी म्हणतं?

पुन्हा लिहिणार नाही हे.

१२ जानेवारी

मेडिकल डायरेक्टरनी बोलावलं. मला खुर्ची दिली. आठ वर्षांत पहिल्यांदा. कॉफी, खजूर. त्यांनी खूप दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, तो फॉर्म कुणी लिहिला?

मी म्हणालो, सर, सांगता येत नाही.

"सांगता येत नाही, की माहीत नाही?"

"माहीत नाही."

हे खरं होतं. मॅडमनी लॉक केलाय. डायरेक्टर पुढे वाकले. म्हणाले, हबीबी, तू इथे क्लार्क म्हणून बसलेला नाहीस, नवरा म्हणून बसला आहेस. जो तुझ्या बायकोबद्दल लिहितो आणि नाव लपवतो, तो चांगला माणूस आहे का? नाव काढ. मग आपण दोघं मिळून बघू.

जिना उतरताना एक क्षण मला ते पटलं. लिहितो याचीच लाज वाटते.

१५ जानेवारी, बुधवार

मेहनाज इमर्जन्सीतली स्टाफ नर्स. खेडची, मराठी शाळेत शिकलेली. मी परत आल्यापासून रोज दुपारी डबा आणून देते. "कीर्तीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही," म्हणते, म्हणजे मला नको म्हणता येत नाही.

आज डबा ठेवून गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

"दादा, फॉर्म मी लिहिलाय."

मी म्हणालो, मेहनाज, मला सांगू नकोस. मला सांगायचं नसतं.

"आता सांगितलं. आणि इंजेक्शन पण मीच दिलं होतं."

मी तिच्या हातांकडे बघत होतो.

"मी विचारलं होतं, दादा. मराठीतच. वहिनी, कुठल्या औषधाची ॲलर्जी? तर म्हणाल्या, नाही गं बाई, मला कसली ॲलर्जी. फाइलमध्ये पण काही नव्हतं. मी फाइल बघितली होती, अल्लाची शपथ. मग सगळं संपल्यावर मी त्यांच्या मोबाईल नंबरवर शोधलं. दोन फाइली आहेत, दादा. दोन. जुनीत लाल अक्षरात लिहिलंय."

एवढं बोलून गेली. मागे वळून म्हणाली, "तुम्हीच शिकवलेलं, लिहा म्हणून."

डबा उघडला नाही. पँट्रीत ठेवून दिला. कुणी खाल्ला माहीत नाही.

१६ जानेवारी

तिच्यावर राग धरावा असं तिने काही केलेलं नाही, हे कळतं. तरी धरला.

आता डायरेक्टरना "माहीत नाही" म्हणता येणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

मॅडम पंधरा दिवसांच्या रजेवर. आई आजारी आहे. जाताना म्हणाल्या, "कमिटी दस फेबरवारी को बैठेगी. तब तक कोई पूछे तो बोलो मॅडम आके देखते. आप बीच में पड़ो नक्को."

दुपारी डायरेक्टर स्वतः ऑफिसात आले! मी उभा राहिलो.

"समजलं का काही?"

"सर, मॅडम आल्यावर."

"मॅडमचं विचारत नाही. तुला विचारतो."

"सर, सांगता येत नाही."

या वेळी "माहीत नाही" मी म्हटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. मूर्खपणा झाला. खोटं बोलायला पाहिजे होतं.

२१ जानेवारी

इमर्जन्सीतल्या तीन नर्सेसच्या करारांचं नूतनीकरण थांबवलंय. मेहनाज त्यात आहे. शिक्षा म्हणून नाही — करार संपत होते, एवढंच. कागदावर सगळं बरोबर.

त्यांना नाव सापडलेलं नाही, म्हणून तिघींना पकडलंय.

रणजितचा मेसेज — त्या नर्शीचा नाव तेवढा धाडा, बाकी मी बघतंय. नाव माझ्या तोंडात आहे. धाडलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

कीर्तीला घेऊन समुद्रावर गेलो. ती वाळूत बसून होती. घरी येताना टॅक्सीत विचारलं, "बाबा, गलती किसकी थी?"

"चौकशी चालू आहे."

"वो तो आप ही करते हो ना!"

ड्रायव्हर मल्लू होता, त्याने आरशातून पाहिलं.

२६ जानेवारी, रविवार

आज नियम मोडला.

सगळे जेवायला गेल्यावर स्वप्नालीचा मोबाईल नंबर टाकून फाइली उघडल्या. घरच्या माणसाची फाइल उघडायला आम्हाला बंदी आहे. उघडली.

दोन आहेत. पहिली २०१८ ची, पासपोर्ट नंबरवर. चौथ्या पानावर लाल अक्षरं — पेनिसिलिन गट, तीव्र पुरळ, पुन्हा देऊ नये. म्हणजे तिने त्या वेळी दुसऱ्यांदा दाखवायला गेल्यावर डॉक्टरला सांगितलं होतं! मी तेव्हा छोट्या कीर्तीला घेऊन बाहेर उभा होतो. मला सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

दुसरी फाइल मार्च २०२१ ची, इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या, नंबरवर. कोरी. ॲलर्जी — नाही.

दोन्ही जोडलेल्या नाहीत. व्हिसा बदलून इकामा झाला की जुनी फाइल शोधून जोडायची असते. ज्याने नवीन फाइल उघडली त्याचं ते काम. त्याने ते केलं असतं तर तिच्या हातात लाल पट्टा असता.

कोणी उघडली ते शेवटच्या पानावर असतं. मला वाटलं रजिस्ट्रेशनच्या काउंटरवरचा कुणीतरी असेल. मनात त्याला शिव्या देतच मी पान खाली ओढलं.

आयडी ४४१७.

तो माझा आहे.

२७ जानेवारी

आठवलं सगळं.

तिचा इकामा आला त्याच आठवड्यात. काउंटरवर रांग. मी माझ्या टेबलावरूनच फाइल उघडली. इथे सगळेच करतात — बायकोची, भावाची, गाववाल्याची. रांगेत कशाला उभं राहायचं, आपण आत आहोत ना. याला इथे वासता म्हणतात, वशिला. सिस्टीमने विचारलं होतं, आधीची फाइल आहे का? हो म्हटलं तर पासपोर्टची प्रत, सुपरवायझरची सही. नाही म्हटलं. दोन मिनिटांत काम झालं.

घरी जाऊन सांगितलं होतं, "बघ, तुझ्या नवऱ्याचा वासता!" तिला बरं वाटलं होतं. तिने दोन-तीन जणींना फोन करून सांगितलं.

२८ जानेवारी

डायरेक्टरांचा ईमेल. मार्चमध्ये तपासणी आहे. दुबार फाइली असतील त्या लगेच जोडून टाका. सगळ्या विभागांना पाठवलाय, मला वेगळा.

स्वप्नालीच्या दोन फाइली जोडल्या की एकच राहील. कुणी कधी उघडली ते पान मागे जाईल. शोधायला गेलं तरच सापडेल, आणि शोधायला सांगणारा एकच कागद आहे — मेहनाजचा फॉर्म. तिचं नाव डायरेक्टरांना दिलं, की तो फॉर्म कुणी धड वाचणार नाही. इंजेक्शन देणारीनेच स्वतःला वाचवायला लिहिला म्हणतील. डेथ समरी आहे तशी राहील. चूक पेशंटची.

बटण स्क्रीनवर आहे. "जोडा."

माझी नोकरी गेली तर इकामा गेला. कीर्तीची परीक्षा सतरा फेब्रुवारीला सुरू होते.

जोडलं नाही. पण कर्सर तिथे नेला होता. ते खोटं कशाला लिहू.

३० जानेवारी

काही लिहिण्यासारखं नाही. जेवलो नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मेहनाजला पत्र मिळालं. करार संपला, धन्यवाद, आणि शुभेच्छा. बाकी दोघींचं काय ते अजून ठरायचंय.

सांगायला आली. डबा होताच हातात!

"खलास, दादा. महिन्याभरात जाते. अब्बांना सांगितलंय, कंटाळा आला म्हणून येते."

मी म्हणालो, मी तुझं नाव दिलेलं नाही.

"माहीतेय मला."

"कशावरून?"

"तुम्हाला साधा सुट्टीचा अर्ज खोटा लिहिता येत नाही. मागच्या वर्षी पोटदुखी लिहायची सोडून 'घरी पाहुणे' लिहिलं होतंत. सगळा वॉर्ड हसला होता."

मला हसू येईना. सांगावं वाटलं — दुसरी फाइल कुणी उघडली ते. तोंड उघडलं. ती म्हणाली, "पापलेट आहे, लवकर खा, वास येईल," आणि गेली.

आज डबा घरी आणला. कीर्तीने खाल्ला. मीही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम आल्या. मी कोरा फॉर्म मागितला.

"किसके वास्ते?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्मा काढला. "सोच लो, नागेश भाई. फॉर्म में नाम का डब्बा खाली छोड़ सकते. बिना नाम का भी चलता."

मी म्हणालो, मला माहीत आहे. मीच शिकवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म भरला. दुपारी एक ते दोन. आठ वर्षांत हजारो वाचले, लिहिला एकही नव्हता. किती छोटे रकाने आहेत! "थोडक्यात वर्णन करा" असं लिहिलंय तिथे चार ओळी.

लिहिलं — रुग्णाची दुसरी फाइल मी उघडली. पहिली असणार हे मला ठाऊक होतं. विचारल्यावर मी नाही म्हटलं. पहिल्या फाइलमध्ये ॲलर्जी नोंदलेली होती. रुग्णाने माहिती लपवली नाही, तिने ती २०१८ मध्येच या हॉस्पिटलला दिली होती. इंजेक्शन देणाऱ्या नर्सने फाइल पाहून, रुग्णाला विचारून दिलं.

खाली — घरच्या माणसाची फाइल मी २६ जानेवारीला परवानगीशिवाय उघडली.

"रुग्णाशी संबंध" असा रकाना नाही आमच्या फॉर्मवर. मी समासात लिहिलं. नवरा.

नावाच्या जागी नाव लिहिलं. पूर्ण.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रणजितला फोन करून सांगितलं. म्हणाला, "आमच्या आयेक मी सांगतंय. तुमी नको." आणि ठेवला.

कीर्तीला जेवताना सांगितलं. मराठीतून, सावकाश. तिने ताट सरकवलं. उठली नाही. मग विचारलं, "आईला कळलं होतं?"

"नाही."

मराठीत विचारलं तिने.

९ फेब्रुवारी, रविवार

मॅडमनी बोलावलं. उद्या कमिटी. एकाच घटनेचे दोन फॉर्म, एकत्र वाचले जाणार. मेहनाजचाही टेबलावर होता. "अब आप भी लिखने वालों में हैं. वो बोली, नागेश भाई को दिखा दो." मी बघितला. शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं — दुसरी फाइल कुणी उघडली ठाऊक नाही. मागे स्क्रीनची छापील प्रत जोडली होती, शेवटच्या पानाची. खालची पट्टी, माझ्या बिल्ल्यावरच्या आयडीची, कात्रीने सरळ कापलेली.

फॉर्मवर वेळ होती, आठ डिसेंबर, संध्याकाळी पाच. त्या वेळी मी शवागाराबाहेर सह्या करत होतो, आणि मेहनाज माझ्यासाठी पेन आणायला म्हणून गेली होती.